लांबच्या ट्रीपला मोटारसायकलचं टायर कसं निवडायचं (आणि तेही आपल्या खान्देशी उन्हातून निघायचं असेल तर)

मे-जून आला की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या पोरांच्या डोक्यात लडाख नाहीतर कन्याकुमारी घुमायला लागतं. मंग जॅकेट येतं, हेल्मेटला कॅमेरा लागतो, सॅडल बॅगा येतात, मोबाईलचा होल्डर येतो, पंधरा-वीस हजार असेच उडतात, आणि टायरचं काय विचारलं की उत्तर ठरलेलं, "आहे ना भो अजून, चालून जाईल." जळगावहून लेहला जाऊन यायचं म्हणजे चार-साडेचार हजार किलोमीटर होतात, त्यातला पहिला टप्पा आपल्या इकडच्या तापलेल्या डांबरावरून, मधला ट्रकांनी खणलेल्या हायवेवरून आणि शेवटचा दगडगोटे आणि नाल्यांमधून. एवढं सगळं एकाच टायरने करायचंय आणि ते तुम्ही दुकानात पाच मिनिटांत "टिकाऊ द्या भाऊ" म्हणून उचलता.

टिकाऊ म्हटलं की आपल्याकडे लोक फक्त किलोमीटर मोजतात. अमक्याचं टायर चाळीस हजार चाललं, तमक्याचं तीस. ते रोज गावातून दुकानात आणि दुकानातून शेतात जाणाऱ्याला ठीक आहे. ट्रीपला जाणाऱ्याने आधी बघायचं की टायर वजन किती पेलतं, मग उष्णता किती सोसतं, आणि रबर किती दिवस घासेल हे त्याच्यानंतर. कारण ट्रीपमध्ये टायर घासून कमी आणि तापून, फुगून, कापून जास्त जातात. रबर घासलेलं डोळ्याला दिसतं तरी, वजनाने आतली नायलॉनची जाळी थकलेली असते ती दिसत नाही.

म्हणून सगळ्यात आधी टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचायला शिका, दुकानदाराने सांगितलेलं नंतर ऐका. समजा १००/९०-१७ ५५ पी असं छापलंय. १०० म्हणजे रुंदी मिलीमीटरमध्ये, ९० म्हणजे उंची रुंदीच्या नव्वद टक्के, १७ इंची रिम, आणि मग येतं ते ५५, ज्याच्याकडे कोणी बघतच नाही. हा लोड इंडेक्स. ५५ म्हणजे ते एक टायर जास्तीत जास्त २१८ किलो उचलणार. ५२ असेल तर २०० किलो, ५७ असेल तर २३०, ६२ असेल तर २६५. शेवटचा पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. एल असेल तर १२०, एस असेल तर १८०, एच असेल तर २१०. वेगाच्या अक्षराची आपल्याला फार काळजी नाही, दीडशे सीसीवर सामान बांधून दीडशेने कोणी जात नाही (आणि जाऊही नका), पण वजनाच्या आकड्याची आहे.

हिशोब करून बघा. दीडशे किलोची गाडी, त्यातलं निम्मं म्हणजे ७५ मागच्या चाकावर. चालवणारा ७५ किलोचा, त्यातलं साधारण ४५ मागे. मागे बसणारा ६५ चा, तो जवळपास सगळाच मागच्या चाकावर, ६० धरा. सॅडल बॅगा, तंबू, पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन, बायकोने दिलेली शेव आणि शेंगदाण्याची चटणी मिळून २५-३० किलो, तेही सगळं मागेच. झाले की २०५-२१०. म्हणजे ५५ नंबरचं टायर काठावर आलं आणि अजून तुम्ही खड्ड्यात आपटलेला नाहीत. त्यात हा २१८ चा आकडा पूर्ण हवा भरलेली असतानाचा आहे, हवा कमी केली की टायरची ताकदही तेवढी कमी. दोघं जाणार असाल तर कंपनीच्या साइजमध्येच जास्त लोड इंडेक्सचं किंवा बाजूवर रीइन्फोर्स्ड लिहिलेलं टायर मिळतंय का ते विचारा, बऱ्याच साइजमध्ये मिळतं. आणि एकदा गाडीच्या पुस्तकात गाडीला एकूण किती वजन चालतं तेही बघून घ्या, कारण टायर दमदार घेतलं म्हणून शॉकअप आणि रिम दमदार होत नाहीत.

उन्हाचं गणित

आता उष्णता. हा भाग नीट वाचा कारण पुण्या-मुंबईच्या लोकांनी दिलेले सल्ले आपल्याकडे इथेच चुकतात. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा डांबराचं वरचं अंग साठच्या पुढे गेलेलं असतं. टायर मुळात तापतं ते रस्त्यामुळे कमी आणि स्वतःच्या वाकण्यामुळे जास्त. चाक फिरताना टायरचा जो भाग खाली येतो तो दबतो आणि वर जाताना परत सरळ होतो, मिनिटाला शेकडो वेळा, आणि प्रत्येक वेळी रबराच्या आत थोडी थोडी उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतं, जास्त वाकतं, जास्त तापतं. वजन जास्त असेल तर तेच. वेग जास्त असेल तर तेच. वरून ऊन. चारही एकत्र आले म्हणजे दुपारी दोन वाजता शिरपूरच्या पुढे पळासनेरकडे डबलसीट, सामानासहित, नव्वदने, मागच्या चाकात पाच-सहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी. मग तिथे कोणत्या कंपनीचं टायर आहे याला काही अर्थ राहत नाही.

एक समज डोक्यातून काढून टाका, की उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची म्हणजे टायर फुटत नाही. हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की पंक्चरवालेसुद्धा सांगतात, "धुपकाळा शे, दोन पॉइंट कमीच राहू द्या." उलटं आहे. चालून तापल्यावर हवेचं प्रेशर चार-सहा पीएसआयने वाढतं हे खरं, पण कंपनीने आकडा ठरवतानाच ते धरलेलं असतं. चेन कव्हरवर किंवा मागच्या स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) स्टिकर असतो त्याच्यावर एकट्याचं आणि डबलसीटचं प्रेशर वेगवेगळं दिलेलं असतं, ते गार टायरचं आहे. म्हणजे सकाळी निघायच्या आधी मोजायचं. ढाब्यावर जेवायला थांबलात, तिथे मोजलं, वाढलेलं दिसलं आणि सोडून दिली हवा, की संध्याकाळी गार झाल्यावर टायर कमी हवेवर येणार आणि दुसऱ्या दिवशी तसंच चालणार.

पेट्रोल पंपावरच्या मीटरवर फार विसंबून राहू नका, दोन पंपांवर दोन आकडे दाखवतात. एक छोटा गेज घ्या, दोन-तीनशेत मिळतो, तो खिशात ठेवा.

आणि लेहला जाणार असाल तर आणखी एक मजा आहे. वर चढत गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, टायरमधली हवा तेवढीच असते, मग गेज जास्त दाखवतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे यामुळेच साधारण पाच पीएसआय जास्त दिसतात, खारदुंग ला म्हणजे ५,३५९ मीटर, तिथे सातेक. पण तिथे थंडीही आहे, त्याने प्रेशर उतरतं, त्यामुळे लेहला सकाळी मोजलं तर दोन्ही मिळून फरक थोडाच निघतो. लोक काय करतात, दुपारी ऊन पडल्यावर मोजतात, घाबरून हवा काढतात, आणि परत येताना मनालीच्या खाली उतरले, पंजाब-हरियाणाच्या सपाटीवर गाडी पळवायला लागले की तीच टायर सात-आठ पीएसआयने कमी. वर जाताना एकदा मोजा, पण खाली उतरल्यावर नक्की मोजा, सगळी लडाखची वाट सोसून आलेली टायर परतीच्या गरम सपाटीवर जातात ती याच्यामुळे.

रबर कडक घ्यायचं की मऊ

आता दुकानातला नेहमीचा प्रश्न. कडक रबर जास्त चालतं, कमी धरतं. मऊ रबर धरतं चांगलं पण लवकर जातं. स्प्लेंडर, शाइन वगैरेला जी टायर येतात ती कडक कंपाउंडची असतात, पंचवीस-तीस हजार आरामात काढतात, आणि स्पोर्ट्स गाडीची मऊ रेडियल टायर दहा-पंधरा हजारांत गुळगुळीत. आता काही टायरमध्ये मधला पट्टा कडक आणि दोन्ही कडा मऊ असतात, त्याला ड्युअल कंपाउंड म्हणतात. हायवेवर सरळ चालताना मधला पट्टा घासतो, वळणावर कडा लागतात, त्यामुळे लांबच्या प्रवासाला ही कल्पना मला सगळ्यात पटते. तुमच्या साइजमध्ये मिळत असेल तर दोनशे-चारशे जास्त गेले तरी घ्या.

नुसतं कडक, जास्त माइलेजवालं टायर घेऊन ट्रीपला जाणाऱ्यांना एक सांगणं आहे. आपल्या इथे कोरड्या गरम रस्त्यावर ते एकदम झकास वाटतं. पण तेच टायर जूनच्या शेवटी चाळीसगावच्या पुढे कन्नड घाटात पहिल्या पावसात चालवून बघा, किंवा रावेर-यावल भागात ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेल्या काळ्या मातीवर सर पडल्यावर. कपाशीच्या काळ्या मातीचा तो पातळ थर रस्त्यावर असला की चांगली टायरसुद्धा सरकतात, कडक रबर तर विचारूच नका. पावसाळ्यात निघणार असाल तर किलोमीटरचा लोभ थोडा सोडा आणि खोल, मधून बाजूला जाणाऱ्या नाळ्या असलेलं टायर बघा, त्यातूनच पाणी बाहेर फेकलं जातं.

गोट्यांचं टायर, म्हणजे ते मोठमोठे चौकोनी ठोकळे असलेलं, फोटोत फार भारी दिसतं. लडाखला जायचंय म्हणून कितीतरी पोरं ते बसवून घेतात. अहो, चार हजारांतले साडेतीन हजार किलोमीटर डांबर आहे. डांबरावर ते ठोकळे वाकतात, गरम होतात, मधले लवकर उडतात, हँडल थरथरतं, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर पकड कमी कारण रस्त्याला टेकणारं रबरच कमी. मनाली-लेह रस्ताही आता बराचसा पक्का आहे, काम चालू असलेले तुकडे आणि नाले आहेत तेवढेच. तिथे सत्तर टक्के रस्ता आणि तीस टक्के माती असं मधलं पॅटर्न पुरतं. दक्षिणेला जाणार असाल तर साधं रोड टायरच घ्या, तोरणमाळ नाहीतर सापुताऱ्याला जाणार असाल तरी तेच.

रेडियल आणि बायसचा गोंधळ पण मिटवून टाकतो. १४०/७० आर १७ असं मध्ये आर असेल तर रेडियल (आतल्या जाळीचे धागे सरळ आडवे), नुसती आडवी रेघ असेल तर बायस (धागे तिरके, एकमेकांवरून). रेडियल कमी तापतं, जास्त वेगाला स्थिर राहतं, बायसची बाजू जाड असते आणि खड्डे, वजन, दगड जरा जास्त सहन करते. गाडीला कंपनीने जे दिलंय तेच ठेवा, पुढे रेडियल मागे बायस असली खिचडी स्वतःहून करू नका. काही गाड्यांना कंपनीच तसं देते ती गोष्ट वेगळी, त्यांनी गाडी त्या हिशोबाने बनवलेली असते.

रुंद टायरचं वेड

१०० चं काढून १२० चं टाकायचं, गाडी मागून दणकट दिसते. दिसण्यासाठी करत असाल तर गावात करा, ट्रीपच्या आधी नको. रिम अरुंद आणि टायर रुंद असलं की टायर रिममध्ये चेपलं जातं, मधूनच गोल होतं, रस्त्याला टेकतं कमी आणि मधोमध घासतं लवकर. वळताना गाडी जड वाटते, ॲव्हरेज उतरतं, आणि सामान भरून खड्ड्यात दबली की चेन कव्हरला घासते. एक नंबर वर जायचंच असेल तर उंची जुळते का ते मोजा. १००/९०-१७ ची बाजू ९० मिलीमीटर, ११०/८०-१७ ची ८८, म्हणजे चाकाची एकूण उंची चार मिलीमीटरने कमी, हे चालून जातं. १२०/८०-१७ ची ९६, म्हणजे चाक बारा मिलीमीटरने मोठं, तिथे चेन कव्हर आणि मडगार्ड बघावं लागतं. रिमवर तिची रुंदी इंचात कोरलेली असते, नवीन टायर तेवढ्या रुंदीला चालतं का ते विचारूनच घ्या.

ट्यूबलेस की ट्यूब हा प्रश्न खरं तर तुमच्या रिमने सोडवलेला असतो. अलॉय असेल तर सहसा ट्यूबलेस, आऱ्यांची रिम असेल तर बहुतेक ट्यूब. ट्यूबलेसचा फायदा आपल्या भागात फार मोठा आहे, वेडी बाभूळ रस्त्याच्या कडेला सगळीकडे आणि तिचा काटा चपलेतून पायात जातो तर टायर काय चीज आहे. ट्यूबलेसमध्ये काटा घुसला तरी हवा हळूहळू जाते, गाडी सावरायला वेळ मिळतो. ट्यूबवाल्या गाडीची हवा एकदम बसते, मागचं चाक लगेच लोळायला लागतं. म्हणून बुलेट, क्लासिक किंवा आऱ्यांचं चाक असलेली कोणतीही गाडी घेऊन जाणाऱ्याने नवीन टायरसोबत नवीन ट्यूबही टाकायचीच, जुनी ट्यूब ताणलेली, ठिगळं लावलेली असते, दोन-चारशे वाचवायला ती परत घालू नका. रिमच्या आतली रबरी पट्टी पण बघा, ती फाटली असेल तर आऱ्याचं टोक ट्यूबला टोचत राहतं आणि पंक्चर का होतंय तेच कळत नाही.

आणि ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून देणारे पंक्चरवाले भेटतील. "भो, ट्यूब टाकी देऊ का, टेन्शन नही." अडचणीत, पुढच्या मोठ्या गावापर्यंत पोचायला ठीक आहे. कायमचं नको, आत ट्यूब आणि टायरचं घर्षण होऊन जास्त तापतं आणि ट्यूबलेसचा जो मुख्य फायदा, हळूहळू हवा जाणं, तोच गेला.

दुकानात उभं राहिल्यावर

तारीख बघा. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं किंवा नुसता चार आकड्यांचा लंबगोल शिक्का असतो. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. काही वेळा हे एकाच बाजूला असतं, म्हणून टायर उलटून बघा, लाजू नका. सहा-आठ महिन्यांपूर्वीचं असेल तर काही हरकत नाही, दीड-दोन वर्षांचं, दुकानाच्या पत्र्याखाली किंवा बाहेर उन्हात टांगलेलं असेल तर दुसरं मागा. रबर उन्हाने आणि हवेनेही म्हातारं होतं, चाललं नाही तरी. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांच्या पुढे तर नाहीच, असं टायर कंपन्याच सांगतात, आणि आपल्या उन्हात गाडी रोज बाहेर उभी राहत असेल तर मी पाचच्या पुढे लांबच्या वाटेला नेणार नाही, नक्षी कितीही शिल्लक असू दे. बाजूला बारीक बारीक भेगा दिसायला लागल्या की समजायचं.

ब्रँडचं विचाराल तर एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, जेके, मिशेलिन, पिरेली, सगळ्यांकडे चांगली पण टायर आहेत आणि साधी पण. नावापेक्षा तुमच्या साइजमध्ये, तुमच्या लोड इंडेक्सचं, ताजं कोणतं मिळतंय ते बघा. सिएटचा कारखाना आपल्या शेजारी नाशिकलाच आहे तरी दुकानात ताजा माल येतो का हे दुकानावर अवलंबून, म्हणून ज्याच्याकडे खप जास्त त्याच्याकडून घ्या. विदेशी ब्रँडचं टायर पकडीला खरंच छान असतं, पण वाटेत कापलं तर तसंच दुसरं नीमचच्या बाजारात मिळेल का याचा विचार करून घ्या. रिमोल्ड केलेलं (जुन्यावर नवं रबर चढवलेलं), "जवळपास नवीनच आहे" म्हणून दिलेलं जुनं टायर, याच्याकडे बघूही नका. बिल पक्कं घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या.

बसवताना समोर उभे राहा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो चाक पुढे फिरेल त्याच दिशेला हवा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणायचा, ती टायरची हलकी बाजू असते. ट्यूबलेसला व्हॉल्व्ह नवीन टाकून घ्या, पन्नास-शंभर रुपयांची गोष्ट. मागचं चाक परत लावताना स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का बघा, एक खूण पुढे-मागे राहिली की चाक तिरकं चालतं आणि नवं टायर एका बाजूने खाऊन टाकतं. घाईत असलेला मिस्त्री हे हमखास सोडून देतो.

जुनं टायर बदलायचं की नाही हे ठरवायला नाळीमधले ते छोटे उंचवटे बघा, बाजूला टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोण छापलेला असतो त्याच्या रेषेत. रबर त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे टायर संपलं, तिथून पुढे चालवणं कायद्यातही बसत नाही. पण ट्रीपसाठी माझा हिशोब वेगळा आहे, मधोमध तीन मिलीमीटरपेक्षा कमी राहिलं असेल तर मागचं टायर घरीच बदलून निघा. हायवेवर मधला भाग सपाट होत जातो, हात फिरवला की गोलाई जाऊन पाटा झालेला कळतो, असं टायर सरळ चांगलं चालतं आणि घाटात वळताना एकदम पडल्यासारखं वाटतं. पुढच्या टायरला हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर तेही ट्रीपला नको, शॉकअपचं तेलही बघून घ्या मग.

नवीन टायर निघायच्या आदल्या दिवशी बसवू नका. कारखान्यातून येताना वरचा थर गुळगुळीत असतो, पहिले दीड-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक न मारता, जास्त न झुकवता काढावे लागतात. दोन-तीन आठवडे आधी बसवा, धुळ्याहून कोंडाईबारी घाट उतरून नवापूरपर्यंत जाऊन या, किंवा जळगावहून अजिंठ्याला, तेवढ्यात हवा कुठून जातेय का, चाक साठ-सत्तरला थरथरतंय का ते कळून जातं, आणि काही निघालं तर दुकानदार अजून ओळख दाखवतो.

वाटेत

सोबत काय ठेवायचं हे फार लांबवत नाही. ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट, भरपूर वळ्या (पंक्चरच्या भोकात ठोसायच्या रबरी दोऱ्या), पक्कड, आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप. पायपंप असला तरी चालतो, फक्त ४५ डिग्रीत तो मारताना माणूसच पंक्चर होतो. ट्यूबवाल्याने पुढची आणि मागची अशा दोन्ही साइजच्या ट्यूब घ्याव्यात, टायर काढायच्या दोन पट्ट्या, आणि हे सगळं एकदा घरच्या अंगणात करून बघावं. वळी फक्त नक्षीच्या भागात चालते, बाजूला कट गेला तर ते टायर संपलं, कितीही मोठा मिस्त्री "होई जाई" म्हणाला तरी. नुसती वळी भरलेलं टायर घेऊन नव्वद-शंभरने जाऊ नका, साठ-सत्तरने पुढचं गाव गाठा आणि आतून पॅच मारून घ्या.

रोज सकाळी सामान बांधायच्या आधी चाक हळूहळू फिरवून सगळीकडे हात आणि नजर फिरवा. खिळा, काच, कट, आणि मुख्य म्हणजे फुगा. बाजूला कुठे गोटीएवढा फुगवटा आला असेल तर आतली जाळी तुटलीय, ते टायर त्या दिवशीसुद्धा चालवायचं नाही. आपल्या भागातून निघताना पहाटे चारला निघा, दुपारी एक ते चार सावलीत काढा, यात आळस नाही, टायर आणि माणूस दोघांचीही तीच गरज आहे. बिजासणच्या घाटात उतरताना ट्रकच्या मागे सारखा ब्रेक दाबून राहण्यापेक्षा खालच्या गिअरवर इंजिनने गाडी धरा, ब्रेक त्यानेच कमी तापतात.

आणि साइज कोणती आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. ८०/१००-१८ हे स्प्लेंडरचं टायर तुम्हाला चोपड्यापासून चंबळपर्यंत कोणत्याही गावात मिळेल, त्याची काळजीच नको. १७ इंची नेहमीच्या साइजही जिल्ह्याच्या गावाला मिळतात. पण पुढचं चाक १९ किंवा २१ इंची असेल तर इंदूर, दिल्ली, चंदीगड अशी मोठी शहरं सोडली तर दुकानदार "मागवून देतो, चार दिवस लागतील" म्हणतो. अशा गाडीवाल्याने घरून निघतानाच पुढचं टायर नवीन घालावं, दोन्ही टायरच्या बाजूंचे फोटो मोबाईलमध्ये ठेवावेत, म्हणजे फोनवर दुकानदाराला साइज सांगताना गोंधळ होत नाही, आणि मनाली सोडायच्या आधी शंका असलेलं टायर तिथेच बदलून टाकावं, कारण पुढे लेहपर्यंत सव्वाचारशे किलोमीटर तुम्हाला पाहिजे त्या साइजचं टायर घेऊन कोणी बसलेलं नसतं.